अब्बांसाठी कयाक घेताना

आमच्या घरात होडी विकत घेतल्याचं कुणाला आठवत नाही. ती होतीच. अब्बांच्या वडिलांनी बांधून घेतलेली, एका बाजूला उलांडी असलेली लाकडी होडी परसाखाली काजळीच्या खाडीत माडाला बांधलेली असायची. अब्बांनी सगळी नोकरी टपाल खात्यात केली. मासेमारी हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज झाली की गळ आणि कोळंबीचा डबा घेऊन ते खाडीत उतरायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. कधी दोन काळुंदर, कधी एखादी तांबोशी, कधी नुसतेच हात हलवत. निवृत्तीनंतर हे रोजचंच झालं.

दोन पावसाळ्यांपूर्वी होडीचा तळ गेला. दरवर्षी फटींमध्ये कापूस भरून वरून तेल चढवलं की वर्ष निघायचं. त्या वर्षी सुताराने तळाला पटाशी टेकवली, तर ती पिकल्या फणसात जावी तशी आत गेली. नवी लाकडी होडी बांधायचा खर्च ऐकून आम्ही गप्प झालो. फायबरची होडी त्याहून स्वस्त, पण ती चिखलातून ओढायला दोन माणसं लागतात, आणि घरात आता अब्बा आणि अम्मी दोघंच. आम्ही तिघं भावंडं तीन दिशांना आहोत. थोरली मुंब्र्याला, मधला कुवेतला, धाकटा पुण्यात.

कयाकची कल्पना धाकट्याची. एका माणसाची, प्लॅस्टिकची, न गंजणारी, न कुजणारी छोटी होडी. परदेशात लोक तिच्यात बसून मासे धरतात, गळ अडकवायला तिला खाचाही असतात. आम्ही तिघांनी फोनवर बोलून ठरवून टाकलं. अब्बांना अचानक भेट द्यायची होती, म्हणून त्यांना काही विचारलं नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच होतं, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

डिसेंबरच्या सुट्टीत एका पर्यटनवाल्याकडे जुनी कयाक मिळाली, 14 हजारांना. त्याला त्याचं सामान काढून टाकायचं होतं. नारिंगी रंग, साडेबारा फूट लांब, 24 इंच रुंद, मध्ये पाय आत घालून बसायची पोकळी. आम्ही विचारलं, "स्टेबल आहे ना?" तो म्हणाला, "एकदम स्टेबल," आणि स्वतः बसून सर्रकन एक फेरी मारून आला. तो पंचविशीचा, काटकुळा, रोज पाण्यावर असणारा मुलगा. त्याच्यासाठी ती खरोखरच स्थिर होती. खोटं बोलला असं आजही आम्ही म्हणत नाही.

अब्बांचं वय तेव्हा 66, वजन 82 किलो, आणि दोन वर्षांपासून गुडघ्यांमुळे नमाज खुर्चीवर. भेट पाहून ते खूष झाले, निदान आम्हाला तसं वाटलं. बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी उजवा पाय आत टाकला, आम्ही दोन्हीकडून धरलं, ते बसले. काही क्षण ठीक गेले. आम्ही हात सोडले. मग नेहमीच्या सवयीने ते मागे ठेवलेला कोळंबीचा डबा घ्यायला वळले, आणि कयाक त्यांच्यासकट उलटली.

पाणी गुडघाभर होतं. पण त्यांचे पाय पोकळीत अडकले होते आणि तोंड पाण्याखाली होतं. धाकट्याने खेचून बाहेर काढेपर्यंत किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, फार नसावा. काठावरच्या नातवंडांना वाटलं की दादा गंमत करतायत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चिखलातून उठताना अब्बांनी आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. विहिरीवर अंग धुतलं, कपडे बदलले, जोहरला मशिदीत गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "वय झालं आता. पुरे."

आम्ही आपापल्या गावी परतलो. गळ पडवीच्या वाशाला टांगलेले राहिले. महिन्याभराने अम्मीचा फोन आला. ती तक्रार करणारी बाई नाही. म्हणाली, "तुमचे अब्बा सकाळी पडवीत बसतात, पण खुर्ची फिरवून घेतात. पाण्याकडे पाठ करून पेपर वाचतात."

त्या वाक्यानंतर आम्ही पहिल्यांदा नीट अभ्यासाला बसलो. थोरली गणित शिकवते, मधला कंपनीत सेफ्टीचं काम बघतो, तरी 14 हजार घालवेपर्यंत आमच्यापैकी कुणाला "स्थिर म्हणजे काय?" हा प्रश्न पडला नव्हता.

हौदातल्या पाण्यावर परात ठेवा आणि शेजारी एक ओंडका सोडा. परातीची कड दाबली तर ती लगेच उलटा जोर करते, कारण दाबलेल्या बाजूला, मधल्या रेषेपासून लांबवर, पाणी तिला वर ढकलतं. ओंडका बोट लावलं तरी फिरतो. कयाकचंही तसंच. रुंद आणि चपट्या तळाची कयाक बसल्या बसल्या घट्ट वाटते. अरुंद आणि गोल तळाची सुरुवातीपासून डुलते, पण ती पाणी कापत वेगाने जाते, आणि सरावलेल्या माणसाला लाटेच्या उतारावर तिचं डुलणंच उपयोगी पडतं, कारण परात लाटेबरोबर कलते, ओंडक्यासारखी कयाक माणसाला सरळ ठेवू शकते. म्हणजे आमची नारिंगी कयाक वाईट नव्हती. ती लांब पल्ला मारणाऱ्याची होती. एका जागी थांबून, वळून, वाकून, मासा ओढणाऱ्याची नव्हती.

मासे धरणाऱ्यांसाठी ज्या कयाक बनतात त्या साधारण 10 ते 12 फूट लांब आणि 30 ते 34 इंच, काही त्याहून जास्त रुंद असतात. पुष्कळांच्या तळाला दोन बाजूंना फुगवटे आणि मध्ये खोलगट नाळ असते, जणू दोन अरुंद होड्या शेजारी जोडाव्यात. बहुतेक सगळ्या वरून बंद असतात. माणूस आत शिरत नाही, वर बसतो. आत आलेलं पाणी तळातल्या आरपार भोकांतून निघून जातं. भोकं पाहून अम्मीने विचारलं, "ही बुडणार नाही का?" बुडत नाही, कारण वरचा आणि खालचा पत्रा मिळून ती एक बंद पोकळ डबी असते. माणूस जड असेल तर भोकांतून थोडं पाणी वर येऊन बूड भिजतं, त्यासाठी रबराची बुचं मिळतात. आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ही, की ती उलटली तर माणूस अडकत नाही, बाजूला पडतो.

वजनाचा आकडाही तेव्हाच कळला. कयाकवर जी भारक्षमता लिहिलेली असते, ती जेमतेम तरंगत राहण्याची हद्द समजायची. चांगली वागावी असं वाटत असेल तर तिच्या दोन तृतीयांशाच्या आसपास थांबावं. अब्बा 82, गळ, डबा, बर्फाची पेटी, पाणी मिळून 15, म्हणजे 97 किलो. 110 किलोची कयाक कागदावर चालली असती. आम्हाला 150च्या पुढची हवी होती.

फुगवायच्या कयाकही पाहिल्या. त्या रुंद असतात, खरोखर स्थिर असतात आणि निम्म्याहून कमी पैशात येतात. शांत तळ्यावर त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण आमच्या खाडीचे खडक कालवांनी भरलेले. त्या कडांनी अनवाणी पाय कसा फाटतो ते आम्ही लहानपणापासून पाहिलंय. पातळ फुग्यावर अब्बांना बसवायची आमची तयारी नव्हती. पायांनी पॅडल मारायच्या कयाक तर आमच्या बजेटच्या कित्येक पट, त्या पानावरून आम्ही पुढे गेलो.

एवढं सगळं शिकूनही आम्ही पुन्हा तीच चूक करणार होतो. ईदला घरी जमलो तेव्हा थोरलीने कागदावर तीन कयाक आखून ठेवल्या होत्या आणि आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात वाद घालत होतो. अम्मी शेवया ढवळत होती. ती म्हणाली, "बसणार कोण आहे त्यात? तुम्ही की ते?"

अब्बांना थेट विचारलं असतं तर ते "पुरे" म्हणाले असते. मधल्याने युक्ती केली. पडवीत जाऊन सहज विचारलं, "अब्बा, आपल्या होडीला उलांडी एकाच बाजूला का होती?"

ते पेपर बाजूला ठेवून अर्धा तास बोलले. उलांडी पाण्याला टेकलेली असते तेव्हा तिचं तरंगणं होडीला त्या बाजूला पडू देत नाही, आणि ती उचलली जायला लागली की तिचं वजन होडीला दुसऱ्या बाजूला पडू देत नाही. एकच दांडा, पण दोन्हीकडचं राखण करतो. म्हणून ते मासा नेहमी उलांडीच्या विरुद्ध बाजूने आत घ्यायचे, म्हणजे दोरी अडकत नाही, आणि वाकताना अंगाचा भार किती द्यायचा हे बुडाला आपोआप कळायचं. "तुमच्या त्या नारिंगी होडीत," ते म्हणाले, "बुडाला काही कळतच नव्हतं."

मग त्यांनीच, कुणी न विचारता, काय हवं ते सांगितलं. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसता आलं पाहिजे, कारण मोठा मासा पुढे पाय पसरून ओढता येत नाही. मागचा डबा वळून घेता आला पाहिजे. गुडघे न दुमडता उठता आलं पाहिजे. पडलो तर कुणाच्या मदतीशिवाय परत चढता आलं पाहिजे. आणि घरापासून पाण्यापर्यंत एकट्याने नेता आली पाहिजे. थोरलीने तिचा कागद उलटा करून मागे हे लिहून घेतलं. आमच्या तीनपैकी दोन कयाक तिथेच बाद झाल्या. एकीची खुर्ची उंच होती. उंच खुर्ची गुडघ्यांना बरी, पण माणूस जितका वर तितकी होडी हलकी होते, डुलते. शेवटी मधला मार्ग निघाला: खुर्ची चार बोटं उंच, आणि उथळ पाण्यात दोन्ही पाय दोन बाजूंनी खाली सोडून, तळाला टेकवून, दोरीचा आधार घेत उभं राहायचं.

आता पैसे. पहिल्या कयाकला गिऱ्हाईक मिळालं नाही, ते 14 हजार गेलेच होते. एका दुकानाने हप्त्यांची सोय देऊ केली. हिशेब मांडला तर त्यात व्याज होतं, नाव फक्त वेगळं. धाकटा म्हणाला, "दीड-दोन हजारांचाच फरक आहे." अम्मी म्हणाली, "व्याजाच्या होडीतून आलेला मासा माझ्या चुलीवर चढणार नाही." विषय संपला. तसंही पावसाळा तोंडावर आला होता. खाडी लाल होते, ओढ वाढते, तेव्हा नवख्या होडीत बसायचं कामच नाही. आम्ही जून ते सप्टेंबर पैसे साठवले. मधल्याने 20 हजार पाठवले, थोरलीने आणि धाकट्याने 9-9 हजार घातले. 38 हजार झाले.

कुणाला घ्यायची असेल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. सगळे पैसे कयाकवर लावू नका. आमची कयाक वल्ह्यासकट 31 हजारांना पडली. गावापर्यंत आणायचं भाडं अडीच हजार, चांगलं लाइफ जॅकेट 1,900, बुचं, शिटी आणि दोरी मिळून सातशे, आणि जुन्या सायकलची दोन चाकं लावून केलेली गाडी बाराशे. ही गाडी नसती तर 29 किलोची कयाक आमच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून अब्बांनी कशी उतरवली असती? रुंदी घेतली की वजन येतंच.

पाण्यात बसून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हे मात्र आम्ही पक्कं केलं होतं. दोन विक्रेत्यांनी नकार दिला, पाण्यात उतरली की माल जुना होतो म्हणाले. तिसरा तयार झाला. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी अब्बांना घेऊन गेलो. साडेदहा फूट लांब, 33 इंच रुंद, हिरवी. क्षमता 160 किलो.

अब्बा आधी नुसते तिच्याभोवती फिरले, तळावरून हात फिरवला. मग बसले. सरळ बसले, मग दोन्ही पाय एका बाजूला सोडले. कयाक थोडी कलली आणि तिथेच थांबली. त्यांनी विक्रेत्याकडून पाण्याने भरलेली बादली मागितली, ती एका कडेला ठेवून दुसऱ्या कडेकडे वाकले, परत उलट केलं. मागे वळून खोटाच डबा उचलला. विक्रेता आमच्या कानाशी म्हणाला, "चाचा काय करत होते आधी?" आम्ही म्हटलं, "पोस्टात होते."

पडून चढायची परीक्षा आधी धाकट्याने दिली. पाय मारत पोट कयाकवर आडवं टाकायचं, अंग वळवायचं, मग बसायचं. आम्ही अब्बांना म्हटलं, तुम्ही राहू द्या. ते छातीभर पाण्यात उतरलेच. पहिल्या वेळी घसरले. दुसऱ्या वेळी अर्धे चढून घसरले. आम्हा तिघांना डिसेंबरची ती सकाळ आठवत होती, पण कुणी पुढे झालो नाही, कारण त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली होती. तिसऱ्या वेळी ते चढले आणि पालथे पडून राहिले, धापा टाकत. मग मान वर करून म्हणाले, "हिला बुडाची भाषा येते."

जॅकेटवरून मात्र दोन दिवस घर तापलं. चाळीस वर्षं खाडीत गेलो, कधी फुगा बांधला नाही, लिहिलं असेल ते होईल, वगैरे. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही हदीस आम्हाला लहानपणी अब्बांनीच समजावली होती. ती त्यांनाच ऐकवायची आमची हिंमत नव्हती. थोरलीच्या आठ वर्षांच्या मुलाने ऐकवली, जॅकेट हातात धरून. अब्बांनी काही उत्तर दिलं नाही, हात वर केले. त्याने बक्कल लावली.

आता त्यांचे नियम त्यांनीच ठरवलेत. हिशेब हिजरी तारखेवर. चांद दिसल्यावरचे दोन-तीन दिवस आणि 15 ते 17 या तारखांना उधाण, पाण्याला ओढ फार, तेव्हा घरी. सात-आठ आणि बावीस-तेवीसच्या आसपास भांगाचं पाणी, संथ, तेव्हा हक्काने जायचं. जाताना भरतीबरोबर वर, येताना सुकतीबरोबर खाली, वल्हं कमीत कमी. भाट्याच्या पुलाच्या पलीकडे नाही. तिथे मुखाशी वाळूच्या पट्टीवर लाटा उभ्या राहतात आणि परातीसारखी होडी लाटेवर परातीसारखीच वागते. दहाच्या आत काठावर, कारण नंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि पाण्यावर उंच बसणाऱ्या कयाकला तो ढकलतो. कयाक उन्हात ठेवत नाहीत, प्लॅस्टिक तापून वाकतं. माडाच्या सावलीत, दोन जुन्या टायरांवर ती पालथी असते.

मागच्या महिन्यात त्यांना पावणेदोन किलोची तांबोशी लागली. अम्मीने अर्धी शेजारी वाटली, अर्धी कालवणात घातली आणि कुवेतला फोटो पाठवला. मधल्याने विचारलं, ओढताना होडी कलली का? अब्बांनी उत्तरात फक्त पडवीचा फोटो पाठवला. खुर्ची पाण्याकडे तोंड करून होती.

नारिंगी कयाक अजून घरातच आहे. परवा गेलो तर तिच्यावर दोन बांबू आडवे बांधलेले दिसले, आणि बांबूंच्या टोकाला दोन्ही तोंडं बंद केलेला चार इंची पीव्हीसी पाइप. अब्बांनी एकट्याने उलांडी लावलीय. म्हणाले, "ही तुमच्यासाठी. येत्या सुट्टीत या, बसायला शिकवतो. जॅकेट आपापलं आणा."